ऑपरेशनाआधीची वर्षे
(गर्भनिरोधाच्या साधनांवरील एका पुस्तकाची प्रस्तावना)

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतली ही नोंद. त्याच पाहणीत पुरुष नसबंदीवर भिस्त ठेवणारी जोडपी शोधायला गेलो तर शंभरात एकसुद्धा भरत नाही. राज्याचा एकूण जननदर त्या पाहणीत १.७ वर आलेला होता, म्हणजे सरासरीने बाईला दोन मुलेही आता होत नाहीत. तेव्हा गर्भनिरोधावर मराठीत आणखी एक पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. छोटे कुटुंब, लाल त्रिकोण, 'हम दो हमारे दो' हे सगळे भिंतींवर वाचून झाले. पाळणा थांबवण्याचे काम या राज्याने केव्हाच मार्गी लावले.

पाळणा लांबवण्याचे काम मात्र तसेच पडून आहे, आणि हे पुस्तक त्याबद्दल आहे.

औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या कन्नड, सिल्लोड, पैठण, गंगापूर, कुठल्याही तालुक्यातल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंना विचारा, क्रम साधारण एकच सांगतील. लग्न अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, कित्येकींचे त्याही आधी. चार महिने झाले की घरातून 'काही आहे का?' ही विचारणा सुरू. पहिले बाळ विशीच्या आतबाहेर. ते धड चालायला लागत नाही तोच दुसऱ्याचे दिवस. दुसरा मुलगा झाला की बाळंतपणातच ऑपरेशन, आणि पंचविशीच्या आसपास सगळे आटोपते. दोन्ही मुलीच झाल्या तर आटोपत नाही, पुढच्या खेपा होत राहतात. आता लग्नापासून ऑपरेशनापर्यंतच्या या सहा-सात वर्षांत तिने कोणते साधन वापरले म्हणाल, तर बहुतेक जणींचे उत्तर 'काही नाही' असेच येते. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षे जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या वीस वर्षांच्या मुलीला ही दोन वर्षे मिळाली काय आणि न मिळाली काय, यात फार मोठा फरक असतो.

या वर्षांवर मन लावून काम झालेले ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांनी उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस लग्न न झालेल्या मुलींसाठी गावोगावी जीवनकौशल्याचे वर्ग काढले. आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी एक तास, असे वर्षभर. ज्या गावांत हे वर्ग चालले तिथे मुलींच्या लग्नाचे मध्यम वय काही वर्षांत सोळावरून सतरावर गेले. एका वर्षाने काय होते, असे शहरात बसून वाटेल. ज्या घरात मुलगी सोळाव्या वर्षी उजवायची हे ठरलेले असते, तिथे ते एक वर्ष बापाशी भांडून मिळवलेले असते. पुढे संस्थेने लग्न होऊन सासरी आलेल्या कोवळ्या मुलींकडे मोर्चा वळवला, कारण पहिले बाळंतपण लांबवायचे तर बोलायचे कोणाशी हा प्रश्न उरलाच होता. नवऱ्याशी, सासूशी, की तिच्याशी? तिघांशीही बोलावे लागते. सगळ्यात शेवटी विचारले जाते ते तिला.

हा विषय महाराष्ट्रात नवा नाही. लंडनमध्ये मेरी स्टोप्सने १९२१ साली संततिनियमनाचा दवाखाना उघडला, त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आपले केंद्र सुरू केले. हे गणिताचे प्राध्यापक. नोकरी हवी की हा प्रचार, असा पेच विल्सन कॉलेजात उभा राहिला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला.

कर्व्यांची ही गोष्ट 'ध्यासपर्व' चित्रपटामुळे बऱ्याच जणांना ठाऊक झाली. तिच्या पुढचा तुकडा कमी माहीत आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने ठराव मांडला की, सरकारने लोकांत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची पुरेशी सोयही करून द्यावी. त्या भाषणात गरिबीचा हिशेब आहेच, पण बाईच्या प्रकृतीचा आणि तिच्या इच्छेचाही आहे. ठराव फेटाळला गेला. बारा वर्षांनी त्याच बाबासाहेबांनी आपल्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात त्यांच्या अनेक भाषणांची उजळणी होते, या भाषणाचे नाव मात्र माझ्या कानावर क्वचितच आले आहे.

मधल्या काळात, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला येऊन गेल्या. दोघांचे पटले नाही. गांधीजींचा भरवसा संयमावर, बाईंचा साधनांवर. स्वातंत्र्यानंतर सरकार साधनांच्या बाजूला गेले आणि १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, असा कार्यक्रम घेणारा जगातला पहिला देश म्हणून. पण कर्वे-आंबेडकरांनी ज्या बाईच्या इच्छेचा विषय काढला होता ती फायलीत शिरताच आकड्यात बदलली. जिल्ह्याला उद्दिष्ट, तालुक्याला उद्दिष्ट, तलाठ्याला आणि मास्तरालासुद्धा 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट. आणीबाणीत त्याचा कळस झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची मोहर त्यावर उमटली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच.

त्या दोन वर्षांत नसबंदी झाली ती बहुतांशी पुरुषांची. १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडले, आणि त्यानंतर कुठल्याही पक्षाने पुरुषाच्या नसबंदीचे नाव मोठ्याने घेतले नाही. कार्यक्रम थांबला नाही, तो बायकांकडे वळला. दुर्बिणीचे ऑपरेशन तोवर आलेच होते. बाई दवाखान्यात बाळंतपणाला येतेच, ती ओरडत नाही, तिचा नवरा रागावून मत फिरवत नाही. कोणी बैठक घेऊन हे ठरवले असेल असे नाही, पण झाले ते असे.

साधनांची तुलना करायची तर आधी शरीरात काय होते ते पाहिले पाहिजे. बाहेर पडलेले स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे महिन्यातून सहाएक दिवसच दिवस राहण्याचे. अडचण अशी की ते सहा दिवस कोणते हे आधी कळत नाही. बीज पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते, आणि पुढची पाळी केव्हा येणार हे ती आल्यावरच समजते. पाळी झाल्यावरचे अमुक दिवस 'सेफ' असा जो हिशेब वाळूजच्या कंपन्यांतल्या पोरांपासून डिग्रीच्या मुलींपर्यंत सगळे सांगतात, तो म्हणून फसतो. अट्ठावीस दिवसांची घड्याळासारखी पाळी पुस्तकात असते. बाळंतपणानंतर, आजारपणात, परीक्षेच्या धास्तीत, उन्हातान्हात ऊस तोडताना ती तशी राहत नाही.

साधने या साखळीत वेगवेगळ्या जागी अडथळा आणतात. गोळ्या आणि इंजेक्शन बीज सुटूच देत नाहीत, शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करतात. निरोध शुक्राणूंना आतच जाऊ देत नाही. तांबी त्यांना वाटेत निकामी करते. दोन्ही प्रकारची ऑपरेशने नळी बंद करतात, बाईची बीज नेणारी आणि पुरुषाची शुक्राणू आणणारी. 'छाया' गोळीचे काम जरा निराळे आहे, त्याकडे पुढे येऊ.

यांत चांगले कोणते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन आकडे हाताशी ठेवावेत, असे मला वाटते. एक, साधन अगदी सांगितल्याबरहुकूम वापरले तर वर्षभरात शंभर जणींपैकी किती जणींना दिवस राहतात. दुसरा, माणसे जसे वापरतात तसे वापरले तर किती जणींना राहतात. रोजची गोळी: पहिला आकडा ०.३, दुसरा ७. निरोध: २ आणि १३. ऐनवेळी बाहेर काढणे: ४ आणि २०. तीन महिन्यांचे इंजेक्शन: ०.२ आणि ४. तांबी: ०.६ आणि ०.८. बाईचे ऑपरेशन: दोन्ही ०.५. पुरुषाचे: ०.१ आणि ०.१५. काहीच न वापरणाऱ्या शंभर जणींत वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस राहतात. हे आकडे प्रामुख्याने अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले आहेत, पण जगभरच्या मार्गदर्शक पुस्तकांत तेच धरले जातात.

वाचक या यादीत सगळ्यांत लहान आकडा शोधतो आणि तिथेच थांबतो. मी म्हणेन, दोन आकड्यांमधले अंतर पाहा. गोळी औषध म्हणून उत्तम आहे, ०.३ चे ७ होतात ते गोळीमुळे होत नाहीत. पाकीट सासूच्या हाती लागेल म्हणून धान्याच्या डब्यात लपवलेले असते आणि रात्री स्वयंपाकघरात दिवा लावता येत नाही. माहेरी जाताना ते घाईत राहून जाते. उपकेंद्रात माल आलेला नसतो. निरोधाचे २ चे १३ होतात, कारण तो वापरायचा की नाही हे ठरवणारा माणूस दुसराच असतो. हे अंतर साधनाचा दोष सांगत नाही, ते घर किती साथ देते हे मोजते. तांबीत आणि ऑपरेशनात अंतर जवळपास नाही, कारण ती एकदा झाल्यावर रोज कोणाचीही परवानगी किंवा आठवण लागत नाही. आपल्या बायका ऑपरेशनाकडे का वळतात याचे निम्मे उत्तर इथे आहे. त्या अडाणी आहेत म्हणून वळत नाहीत. त्यांच्या हातात उरलेली तेवढी एकच गोष्ट घरावर अवलंबून नाही.

मग तांबी का नको? ती तर ऑपरेशनाइतकीच खात्रीची, आणि नको झाली की काढता येणारी. तिच्यावर थोडे थांबू.

हातात घेऊन पाहिली तर तांबी अगदी क्षुल्लक दिसते. पांढऱ्या प्लॅस्टिकचा इंग्रजी टी, उंची ३६ मिलिमीटर, रुंदी ३२. उभ्या दांडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, दोन्ही आडव्या हातांवर तांब्याच्या छोट्या नळ्या, आणि खाली दोन दोरे. तांब्याचा उघडा पृष्ठभाग ३८० चौरस मिलिमीटर, म्हणून तिला ३८० ए म्हणतात. ही दहा वर्षे चालते, ३७५ नावाची दुसरी पाच वर्षे. तांब्याचे सूक्ष्म कण गर्भाशयातल्या द्रवात मिसळत राहतात, त्यांनी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि ते बीजापर्यंत पोचत नाहीत. संप्रेरके यात नाहीत, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. प्लॅस्टिकमध्ये बेरियमचा क्षार मिसळलेला असतो, त्यामुळे ती एक्स-रेत दिसते.

हा शेवटचा तपशील मुद्दाम दिला. 'तांबी वर चढते, छातीत जाते, काळजाला टोचते' हे मराठवाड्यातल्या गावागावांत ऐकू येते. गर्भाशय वरून बंद आहे, तिथून छातीकडे रस्ता नाही. बसवताना गर्भाशयाला भोक पडून ती पोटात जाण्याचा प्रकार घडतो, पण हजारात एखाद्या वेळी, आणि एक्स-रेत ती सापडते. एवढे सांगून भीती जात नाही, कारण ती हवेतून आलेली नाही. १९६५ मध्ये सरकारने 'लूप' नावाचे साधन देशभर आणले. उद्दिष्टे गाठायची म्हणून ते भराभर बसवले गेले, आणि नंतर अंगावरून फार जाऊ लागले, पोटात दुखू लागले, तेव्हा विचारायला कोणी आले नाही. ज्या बायकांनी ते सोसले त्यांच्या नाती आज तांबीला घाबरतात. आजही तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, कळा येतात. हे आधी सांगितले तर बाई तयारीत राहते. न सांगता बसवली तर दुसऱ्या महिन्यात ती काढून घ्यायला येते आणि आळीतल्या दहा जणींना सांगते. ज्यांचे रक्त मुळातच फार कमी आहे त्यांच्यासाठी ती पहिली निवड नव्हे, हेही खरे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती 'माला-एन', दुकानात स्वस्तात मिळते ती 'माला-डी'. पाकिटात २८ गोळ्या: २१ संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. त्या लोहाच्या आहेत म्हणून बऱ्याच जणी ते सात दिवस सोडून देतात आणि नवे पाकीट उशिरा सुरू करतात. गोळी फसण्याचे हे नेहमीचे कारण. सात गोळ्या दिल्या आहेत त्या सवय तुटू नये म्हणून, रक्त वाढते ते वेगळे. पस्तिशी ओलांडलेल्या आणि विडी-तंबाखू ओढणाऱ्या, रक्तदाब असणाऱ्या, पायाच्या शिरेत गाठ झालेल्या, डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या रेघा दिसणाऱ्या, आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या बाईने ही गोळी घेऊ नये.

'छाया' लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. १९९० च्या दशकात 'सहेली' नावाने बाजारात आली आणि २०१६-१७ च्या सुमारास 'छाया' म्हणून सरकारी कार्यक्रमात. हिच्यात स्टेरॉइड संप्रेरके नाहीत. बीज सुटते, पण गर्भाशयाचे अस्तर त्याच्या वेळेशी जुळत नाही, त्यामुळे गर्भ रुजत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पाळी लांबते, आणि पाळी लांबली की घरात गोंधळ उडतो. म्हणून छाया देणाऱ्या आशाताईने हे आधी सांगायलाच हवे.

'अंतरा' म्हणजे तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेत घ्यायचे इंजेक्शन. नवऱ्याला कळत नाही, पाकीट लपवावे लागत नाही, घरच्या साथीवर सगळ्यांत कमी अवलंबून असलेल्या तात्पुरत्या साधनांत हे बसते. १९८० च्या दशकापासून स्त्री संघटनांनी अशा इंजेक्शनांना विरोध केला, न्यायालयातही गेल्या. त्यांचा मुद्दा असा होता की, आपल्या दवाखान्यांत मागाहून लक्ष द्यायला कोणी नसेल तर बाईच्या अंगात तीन महिने राहणारे औषध टोचणे जबाबदारीचे नाही. तो मुद्दा आजही निकाली निघालेला नाही. पाळी अनियमित होते, मग बऱ्याच जणींची थांबते. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. आणि आपल्याकडचा साधा प्रश्न: दसऱ्या-दिवाळीनंतर जिचा कोयता ऊसतोडीसाठी कारखान्यावर निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो, त्या बाईने मधला डोस कुठल्या गावाच्या केंद्रात घ्यायचा? पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर तिच्या कार्डाची ओळख कोणाला असते? अशा बाईला इंजेक्शनापेक्षा तांबी सोयीची, आणि रक्त कमी असेल तर छायाची पाकिटे आधीच हाती देऊन ठेवणे सोयीचे. तुलना म्हणतात ती ही. औषध तेच असले तरी बाईचे वर्ष कसे जाते त्यावर उत्तर बदलते.

निरोधावर सांगायचे ते एकच: एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांपासून वाचवणारे साधन या यादीत दुसरे नाही. तांबी बसवलेल्या किंवा ऑपरेशन झालेल्या बाईलाही ते लागू शकते. ७२ तासांतली गोळी बीज सुटणे लांबवते. दिवस राहिलेले असतील तर ती काही करत नाही, त्यामुळे तिला गर्भपाताची गोळी म्हणणे चूक आहे. नेहमीच्या वापरासाठी ती नव्हे. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांत बसवलेली तांबी तिच्याहून कितीतरी खात्रीची पडते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता ऑपरेशने. बाईचे ऑपरेशन टाक्याचे असो की दुर्बिणीचे, पोटाच्या पोकळीत शिरावेच लागते. पुरुषाची नसबंदी अंडकोशाच्या कातडीला एक छोटेसे छिद्र पाडून, जागा बधिर करून, दहा-पंधरा मिनिटांत होते. टाका पडत नाही. ही बिनटाक्याची रीत चीनमध्ये १९७० च्या दशकात निघाली. धोका कमी, फसण्याचे प्रमाण कमी, खर्च कमी. दोन्ही समोर ठेवली तर कुठलाही शहाणा माणूस पुरुषाचे ऑपरेशन निवडेल, आणि आपण निवडत नाही. कारण विचारले की 'ताकद जाते, मग पोती कशी उचलायची' हे उत्तर मोंढ्यातल्या हमालापासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळे देतात. ताकदीचे संप्रेरक अंडकोशातून थेट रक्तात जाते, त्या वाटेला कोणी हात लावत नाही. कापली जाते ती शुक्राणूंची नळी, आणि वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो, बाकीचा द्रव दुसऱ्या ग्रंथींतून येतो. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. ऑपरेशननंतर तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. हे न सांगितल्यामुळे बायकोला दिवस गेले आणि संशय तिच्यावर आला, अशा संसार मोडल्याच्या गोष्टी आहेत.

शिबिरांतल्या ऑपरेशनांची किंमत नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ दिसली. तिथल्या शिबिरांत भराभर ऑपरेशने उरकली गेली आणि तेराहून अधिक बायका गेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले.

मराठवाड्याला आणखी एक पान जोडावे लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ मध्ये तिने ८२,३०९ बायकांची पाहणी मांडली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. नळ्या बांधल्यावर पाळी येत राहते, गर्भाशय आणि बीजकोश जागेवर असतात. पिशवी काढणे हा गर्भनिरोधाचा उपाय नव्हेच. पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून 'पिशवी खराब झाली' असे कोणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारावे, एवढे तरी या पुस्तकातल्या याविषयीच्या प्रकरणातून घराघरांत जावे.

नवऱ्याच्या सहीचा मुद्दा अनेकींना अडवतो. सरकारी निकषांप्रमाणे २२ ते ४९ वयाची विवाहित बाई, जिचे किमान एक मूल वर्षाहून मोठे आहे, तिला नसबंदीसाठी फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही नियमाने लागत नाही. सज्ञान बाईच्या गर्भपातालाही लागत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन फसल्याने दिवस राहिले हे कारण अविवाहित बाईलाही देता येते. नियम हे सांगतो आणि दवाखान्यातला खिडकीवरचा माणूस वेगळेच मागतो. तिथे पुस्तकातले या नियमाचे पान उघडून दाखवायला हरकत नाही.

पपई, अननस, काढे, जडीबुटी यांवर प्रकरण नाही, कारण तुलना करायला त्यांत काही नाही. औषधांच्या एकमेकांवरच्या परिणामांचे प्रकरण मात्र आहे, आणि ते आधी वाचावे. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन घेणाऱ्या बाईच्या शरीरात गोळीतली संप्रेरके लवकर मोडतात, त्यामुळे माला-एन तिच्या भरवशाची राहत नाही. तिला तांबी किंवा अंतरा चालते. शेवटी गोळी चुकल्यास काय करायचे याचे कोष्टक आहे. एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, बाकीची नेहमीच्या वेळी. दोन किंवा अधिक चुकल्या तर एक लगेच घेऊन पुढचे सात दिवस निरोध वापरावा. चुकलेल्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर लोहाच्या सात टाकून देऊन सरळ नवे पाकीट उघडावे.